खपाचे आकडे बघून गिऱ्हाईक री ओढतं का? गेमच्या बाजारातून घ्यायचा धडा



व्हिडिओत हा विषय आपण भरभर घेतला. इथे जरा सावकाश, उदाहरणांसकट बघू. वही-पेन जवळ ठेवा, शेवटी गृहपाठ आहे.

विषय असा. व्हिडिओ गेमचे जे पक्के चाहते असतात, त्यातल्या बऱ्याच जणांना एक वेगळीच सवय असते. कुठला गेम पहिल्या आठवड्यात किती खपला, कुठलं कन्सोल कुणाच्या पुढे गेलं, या महिन्यात यादीत पहिला कोण, हे सगळं ते क्रिकेटच्या स्कोअरसारखं बघत बसतात. त्या कंपनीत त्यांची नोकरी नाही, शेअर नाही, नफ्यातला एक रुपया त्यांना मिळणार नाही. तरी आकडा तोंडपाठ!

यावर एक आरोप नेहमी होतो. अशा आकड्यांच्या नादाने सगळे चाहते एकसारखे होतात. जे खपतं तेच घेतात, जे खपत नाही त्याला नावं ठेवतात, आणि स्वतःची आवड बाजूला ठेवून गर्दीची री ओढतात. हे खरं आहे का?

तुम्ही म्हणाल, सर, आम्हाला मसाल्याचं युनिट टाकायचंय, कुणाला कपड्याचं दुकान, आम्हाला गेमशी काय घेणं? घेणं आहे. "सध्या काय चालतंय?" हा प्रश्न तुम्हीही रोज विचारता. त्या उत्तरावर तुम्ही घरातली बचत लावणार आहात, कदाचित कर्जही काढणार आहात. खपाचा आकडा माणसाला कधी शहाणं करतो आणि कधी मेंढरू करतो, हे समजलं नाही तर दंड चाहत्याला नाही, तुम्हाला बसतो. चाहत्याचा फार तर एका गेमचा पैसा जातो.

आधी बघू, हे आकडे येतात कुठून

जपानमध्ये 'फामित्सू' हे मासिक वर्षानुवर्षं दर आठवड्याच्या खपाची यादी देतं. अमेरिकेत पूर्वी एनपीडी नावाची संस्था महिन्याची यादी काढायची, तीच आता सर्काना नावाने काढते. कॉम्प्युटरवरच्या गेमसाठी 'स्टीम' हे सगळ्यात मोठं ऑनलाइन दुकान. तिथे 'सर्वाधिक खपाचे' अशी यादी कायम समोर असते, शिवाय एखादा गेम या मिनिटाला किती जण खेळतायत तेही दिसतं. कन्सोल बनवणाऱ्या कंपन्या तिमाही हिशोबात आपापले आकडे देतात.

आता नीट बघा. प्रत्येक आकड्याला कुठेतरी भोक आहे. अमेरिकेच्या यादीत निन्टेन्डोच्या स्वतःच्या गेमचा डिजिटल खप धरलेला नसतो, कारण कंपनी तो देतच नाही. स्टीमची यादी नगांवर नाही, रकमेवर लागते. म्हणजे महाग गेम कमी जणांनी घेतला तरी वर बसू शकतो. महिन्याची फी भरून जे गेम खेळले जातात, ते 'विकले' गेले असं कुठेच लागत नाही. आणि मायक्रोसॉफ्टने तर २०१५ मध्ये एक्सबॉक्स किती विकले हे सांगणंच बंद केलं आणि महिन्याला किती लोक वापरतात तो आकडा पुढे केला. स्पर्धेत मागे पडलेला मोजपट्टी बदलतो, हे धंद्यात नेहमीचं आहे.

म्हणजे चाहता ज्या आकड्यावर भांडतो, तो बऱ्याचदा अर्धाच असतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

चाहता आकडा का बघतो? तीन कारणं

पहिलं कारण सोबतीचं. बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडियासारखा गेम एकट्याने खेळता येत नाही. समोर शंभर माणसं लागतात, आपल्या गटात मित्र लागतात. सगळे मित्र ज्या गेमवर आहेत तोच घेणं याला मेंढरूपणा म्हणत नाहीत. फोन घेऊन काय उपयोग, जर बाकी कुणाकडे फोनच नसेल? अशा मालात गर्दी हाच मालाचा एक भाग असतो.

लुडो किंग आठवा. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीने बनवलेला हा साधा लुडो २०२० च्या लॉकडाउनमध्ये घराघरांत पोचला. मामा एका गावात, भाचरं दुसऱ्या गावात, आणि सोंगट्या फोनवर. त्या वेळी कुणी दुसरा लुडो शोधत बसलं नाही, कारण मामांच्या फोनमध्ये जो आहे तोच हवा होता.

दुसरं कारण भविष्याचं. कन्सोल म्हणजे एकदा मोठा खर्च आणि मग वर्षानुवर्षं त्यावर येणारे गेम. कन्सोल खपलं नाही तर बाहेरच्या कंपन्या त्यासाठी गेम बनवणं थांबवतात. निन्टेन्डोचं 'वी यू' २०१२ च्या शेवटी आलं आणि सगळ्या आयुष्यात साधारण १ कोटी ३५ लाखच खपलं. मोठमोठ्या गेम कंपन्यांनी एकेक करून हात काढून घेतला. ज्यांनी ते कन्सोल घेतलं होतं, त्यांच्याकडे यंत्र चांगलं होतं, पण त्यावर खेळायला नवीन कमी येत राहिलं. अशा माणसाने खपाचे आकडे बघितले तर चुकलं काय? आपणही गाडी घेताना विचारतोच ना, स्पेअर पार्ट मिळतील का, गावात मेकॅनिक आहे का?

तिसरं कारण मिरवण्याचं. माझं कन्सोल जिंकलं, तुझं हरलं. १९९० च्या दशकात सेगा आणि निन्टेन्डोच्या भांडणापासून हे चालू आहे. इथे आकडा माहिती राहत नाही, झेंडा होतो. आपल्या गटाच्या गेमला आपल्याच गटातला कुणी "मला नाही आवडला" म्हणाला, तर त्याला गप्प केलं जातं. बाहेरच्या गटाशी भांडायचं म्हणून आतल्या सगळ्यांनी एकच सूर लावायचा. री ओढणं खरं सुरू होतं ते इथे.

आकडा तोच, पण तीन माणसं तीन वेगळ्या कामांसाठी वापरतायत. पहिल्या दोघांचा हिशोब व्यवहाराचा आहे. तिसऱ्याला त्या आकड्यातून फक्त आपली बाजू भक्कम करायची आहे.

री ओढली जाते, याचा पुरावा

आता एक प्रयोग सांगतो. हा गेमवर नाही, गाण्यांवर झाला, पण आपल्या प्रश्नाला इतकं सरळ उत्तर देणारा दुसरा प्रयोग मला माहीत नाही.

मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या तीन संशोधकांनी २००६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात तो छापला. अनोळखी बँडची ४८ गाणी एका वेबसाइटवर ठेवली. १४ हजारांहून जास्त लोक आले. काहींना फक्त गाण्यांची नावं दिसत होती. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या गटांत वाटलं, आणि तिथे प्रत्येक गाण्यापुढे आपल्या गटात ते किती जणांनी डाउनलोड केलं तो आकडा दिसत होता. गाणी तीच, लोक त्याच प्रकारचे, फरक फक्त आकड्याचा.

काय झालं? जिथे आकडा दिसत होता, तिथे वरची गाणी आणखी वर गेली आणि खालची आणखी खाली. पण खरी गंमत पुढे आहे. वेगवेगळ्या गटांत वेगवेगळी गाणी वर येऊ लागली. एका गटात जे गाणं डोक्यावर घेतलं, ते दुसऱ्या गटात मधेच कुठेतरी पडलेलं. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी टाकाऊ सहसा वर आली नाहीत. पण मधली जी मोठी संख्या होती, त्यांचं काहीही होऊ शकत होतं. सुरुवातीच्या काही जणांनी कुठे बोट ठेवलं, त्यावर पुढचं सगळं फिरत होतं.

अजून एक बारीक गोष्ट. प्रयोगाच्या एका भागात गाणी चौकटींमध्ये इकडे तिकडे मांडली होती आणि आकडा बाजूला होता. दुसऱ्या भागात तीच गाणी खपाच्या क्रमाने एकाखाली एक लावली. दुसऱ्या भागात परिणाम बराच जोरदार झाला. म्हणजे नुसता आकडा माहीत असणं एक, आणि माल आकड्याच्या क्रमाने समोर मांडणं दुसरं. गिऱ्हाइकाला ढकलतो तो क्रम.

स्टीमची 'सर्वाधिक खपाचे' यादी अशीच एकाखाली एक आहे. गेम घ्यायला आलेला माणूस आधी काय बघणार? वरचे दहा. दोनशेव्या नंबरचा गेम त्याच्या आवडीचा असला तरी त्याला तो दिसणारच नाही. त्याने स्वतःची आवड सोडलेली नसते, त्याच्या आवडीला संधीच मिळत नाही. हा फरक महत्त्वाचा आहे.

आता उलटा पुरावा

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, झालं, निकाल लागला, चाहते मेंढरंच. थांबा.

निन्टेन्डोचं 'वी' कन्सोल २००६ मध्ये आलं. हातातला रिमोट हलवून घरबसल्या टेनिस खेळायचा. आजी-आजोबा खेळले, लहान पोरं खेळली. १० कोटींच्या वर खपलं. त्याच पिढीतल्या प्लेस्टेशन ३ पेक्षा जास्त, एक्सबॉक्स ३६० पेक्षाही जास्त. आकड्याने चाहते वाकत असते, तर जगातले सगळे मुरलेले खेळाडू 'वी'चे भक्त व्हायला हवे होते. झालं उलटंच. त्यातल्या पुष्कळांनी शेवटपर्यंत नाक मुरडलं. "खपतंय ना, खपू दे, ते आमच्यासाठी नाही." ज्याला स्वतःची आवड नीट ठाऊक आहे, तो आकड्यापुढे इतक्या सहज झुकत नाही.

दुसरं उदाहरण 'डेमन्स सोल्स'. २००९ च्या सुरुवातीला जपानमध्ये आला. फार अवघड, अंधारा, चुकीला माफी नाही. सोनीच्या वरिष्ठांना तो इतका पटला नाही की त्यांनी अमेरिकेत तो स्वतः आणलाच नाही. पण काही हौशी खेळाडूंनी आशियातली इंग्रजी आवृत्ती परदेशातून मागवली, खेळले आणि दुसऱ्यांना सांगत सुटले. मग अॅटलस या दुसऱ्या कंपनीने तो त्याच वर्षी अमेरिकेत आणला. पुढे त्याच धाटणीवर २०११ मध्ये 'डार्क सोल्स' आला आणि २०२२ मध्ये 'एल्डन रिंग', जो अडीच कोटींच्या वर खपला. सुरुवातीच्या त्या मूठभर लोकांनी खपाची यादी बघून खरेदी केली असती, तर यातलं काहीच झालं नसतं.

तिसरं, 'अमंग अस'. इनरस्लॉथ नावाची अगदी छोटी कंपनी, माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. गेम जून २०१८ मध्ये आला, दोन वर्षं फारसं कुणी विचारलं नाही. थोडे नियमित खेळणारे होते, त्यांच्यासाठी काम चालू ठेवलं. २०२० मध्ये ऑनलाइन खेळून दाखवणाऱ्या मंडळींनी तो उचलला आणि जगभर वेड लागलं. तेव्हा कंपनीने दुसरा भाग काढायचं ठरवलं होतं, ते रद्द करून पहिल्याच गेमवर काम करायचं ठरवलं. दोन वर्षांचा लहान आकडा हा त्या गेमचा अंतिम निकाल नव्हता.

आणि एक उदाहरण तर वहीत चौकटीत लिहून ठेवा. 'मारिओ कार्ट ८' हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम २०१४ मध्ये वर सांगितलेल्या 'वी यू' वर आला आणि साधारण ८४ लाख खपला. तोच गेम थोडी भर घालून २०१७ मध्ये 'स्विच' या नव्या कन्सोलवर आला, आणि खप ६ कोटींच्या पलीकडे गेला. रस्ते तेच, गाड्या त्याच, मजा तीच. बदललं काय? दुकानाची जागा! पहिल्या जागी गिऱ्हाइकांची येजा नव्हती, दुसऱ्या जागी तोबा गर्दी. खपाचा आकडा दरवेळी मालाबद्दलच बोलतो असं नाही. कधी तो जागेबद्दल बोलतो, कधी वेळेबद्दल, कधी जाहिरातीच्या बजेटबद्दल.

मग उत्तर काय?

माझं उत्तर असं. खपाचा आकडा चाहत्याची आवड बदलत नाही, तो चाहत्याची पहिली पायरी बदलतो. आधी काय उचलून बघायचं, हे आकडा ठरवतो. ते आवडलं की नाही, हे माणूस स्वतः ठरवतो. पण एक अट आहे: त्याला ते मोकळेपणाने बोलता आलं पाहिजे.

ही अट महत्त्वाची का, ते सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात दाखवलं. रेघांची लांबी ओळखायची, इतकं सोपं काम. खोलीतले बाकी सगळे आधी ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे. खऱ्या माणसाने अशा वेळी साधारण एक तृतीयांश उत्तरं गर्दीसारखी चुकीची दिली. पण त्याच खोलीत फक्त एक जण खरं उत्तर देणारा बसवला, की हे प्रमाण एकदम खाली आलं. अख्ख्या खोलीविरुद्ध उभं राहायला माणसाला फक्त एक सोबती लागतो.

गेमच्या चाहत्यांत अगदी हेच चालतं. आकडा घातक होतो तो कुणी त्याचा दंडुका केला की. स्टीमवर खेळणाऱ्यांची संख्या जरा घसरली की लगेच "हा गेम मेला" असं जाहीर करायची फॅशन आहे. एकट्याने खेळायचा, वीस तासांत संपणारा गेम असला तरी! अरे, पुस्तक वाचून संपल्यावर वाचक कमी होणारच ना? उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण हे वाक्य दहा जणांनी म्हटलं की अकरावा, ज्याला तो गेम मनापासून आवडलाय, तो गप्प बसतो. री ओढली गेली ती आकड्यामुळे कमी, आणि त्या गप्प बसण्यामुळे जास्त.

जिथे गर्दी हाच माल आहे, तिथे मात्र आकड्याचा तडाखा खरा असतो. सोनीचा 'कॉन्कॉर्ड' हा अनेकांनी मिळून खेळायचा गेम २३ ऑगस्ट २०२४ ला आला. स्टीमवर एका वेळी खेळणाऱ्यांचा त्याचा सर्वोच्च आकडा होता ६९७. हा आकडा सगळ्यांना दिसत होता. रिकाम्या मैदानात चाळीस डॉलर देऊन कोण उतरणार? ६ सप्टेंबरला गेम बंद झाला, पैसे परत केले गेले. इथे गिऱ्हाइकाने विचार केला नाही असं म्हणता येणार नाही. त्याने अगदी बरोबर हिशोब केला.

आणि आपल्या पुण्याचं उदाहरण घ्या. नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने 'राजी' हा भारतीय पुराणकथांवरचा गेम बनवायला घेतला आणि २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभारायचा प्रयत्न केला. तिथे किती रक्कम जमली ते सगळ्यांना दिसतं. अशा ठिकाणी पट्टी भरताना दिसली की लोक येतात, अडकलेली दिसली की "बघू नंतर" म्हणतात. त्यांचं ठरवलेलं लक्ष्य गाठलं गेलं नाही. पण त्यांनी त्या आकड्याला गेमचा निकाल मानलं नाही. २०२० मध्ये गेम बाजारात आला आणि त्याच वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या उत्तम स्वतंत्र गेमच्या नामांकनांत त्याचं नाव होतं.

आता आपल्या धंद्याकडे या

एक, आकडा बघितला की आधी विचारा, हा कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे? "या मालाला बाजार आहे का" याचं उत्तर खपाचा आकडा देतो. "माझ्या दुकानात, माझ्या गल्लीत, माझ्याकडून हा माल कुणी घेईल का" याचं उत्तर तो देत नाही. 'मारिओ कार्ट' आठवा. चहाच्या फ्रँचायझीवाला तुम्हाला दुसऱ्या शहरातल्या दुकानाचा रोजचा गल्ला दाखवतो, तेव्हा तो जागेचा आकडा दाखवतो, चहाचा नाही.

दोन, 'पाठवला' आणि 'विकला' यात गल्लत करू नका. १९८२ च्या शेवटी अटारी कंपनीने 'ई.टी.' सिनेमावर गेम काढला. साधारण पाच आठवड्यांत घाईघाईने बनवलेला. सिनेमा तुफान चालला म्हणून गेमही चालेल असं धरून लाखो कॅसेटी दुकानांत पाठवल्या. दुकानदारांकडून त्या परत यायला लागल्या. १९८३ मध्ये अटारीने न खपलेला माल ट्रकने न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत नेऊन पुरला. २०१४ मध्ये खणून बघितलं, तर खरंच निघाला. तुमचा डिस्ट्रिब्युटर जेव्हा म्हणतो "या महिन्यात हजार पेट्या गेल्या", तेव्हा विचारा, कुठे गेल्या? गिऱ्हाइकाच्या घरी की दुसऱ्या दुकानाच्या माळ्यावर?

तीन, मांडणीचा क्रम म्हणजे तुमच्या हातातली ताकद आहे, जपून वापरा. "सर्वात जास्त खपणारे" असा बोर्ड लावला की तेच आणखी खपणार आणि बाकीचा माल पडून राहणार. म्हणून एक फळी खपाची ठेवा, दुसरी "आमच्या पसंतीचं" किंवा "नवीन आलेलं" म्हणून ठेवा. नाहीतर सहा महिन्यांनी तुमचं दुकान आणि समोरचं दुकान यात फरक काय राहिला? फरक नाही म्हटलं की लढाई फक्त भावावर येते, आणि भावाच्या लढाईत छोटा दुकानदार टिकत नाही.

चार, खोटे आकडे लावू नका. "१०,००० समाधानी ग्राहक" असं पहिल्याच दिवशी बोर्डावर लिहिणारे मी खूप बघतो. वरच्या गाण्यांच्या प्रयोगानंतर सॅल्गानिक आणि वॉट्स यांनी २००८ मध्ये अजून एक प्रयोग छापला. त्यात त्यांनी खपाची यादी मुद्दाम उलटी करून दाखवली, शेवटचं गाणं पहिलं म्हणून. खोटी लोकप्रियता काही गाण्यांच्या बाबतीत खरी झाली, हो. पण ज्या गटात आकडे उलटे होते तिथे एकूण डाउनलोडच कमी झाले. आणि अगदी उत्तम गाणी हळूहळू पुन्हा वर सरकू लागली. खोट्या आकड्याने एखादा नग खपेल, पण दुकानाचा एकूण गल्ला उतरेल, कारण लोकांना हातात नको तो माल आला की ते पुढचा उचलतच नाहीत.

पाच, वेगळं बोलणाऱ्या एका गिऱ्हाइकाला जपा. अॅशच्या प्रयोगातला तो एक सोबती आठवा. दहा बायका म्हणतायत "तिखट मसालाच चालतो", आणि एक म्हणते "मुलांसाठी कमी तिखट द्या ना". तिचा नंबर लिहून घ्या. कदाचित ती एकटीच असेल. कदाचित तिच्यामागे तीस जणी गप्प असतील. पाव-पाव किलोची वीस पाकिटं करून बघायला किती खर्च येतो? 'डेमन्स सोल्स'चे पहिले खेळाडू असेच मूठभर होते.

आणि सहा, तुमचा माल सोबतीचा आहे की एकट्याचा, हे ओळखा. भिशी, क्लास, जिम, टर्फ, मेस, इथे रिकाम्या खुर्च्या दिसल्या की नवीन माणूस परत जातो. 'कॉन्कॉर्ड'चं तेच झालं. अशा धंद्यात सुरुवातीची गर्दी आधी जमवा, मग दार उघडा. सात बॅच अर्ध्या भरण्यापेक्षा दोन बॅच पूर्ण भरा. पण लोणचं, शिलाई, टिफिन, दुरुस्ती, इथे गिऱ्हाइकाला शेजारी कोण आहे याने फरक पडत नाही. तिथे गर्दी दाखवण्यापेक्षा चव आणि हात दाखवा.

गृहपाठ

एका पानावर तीन रकाने आखा. तुम्ही जो धंदा करायचं ठरवताय, त्याबद्दल ऐकलेले पाच आकडे पहिल्या रकान्यात लिहा. दुसऱ्यात लिहा, हा आकडा कुणी दिला आणि त्याला तो देऊन काय मिळतं. तिसऱ्यात लिहा, हा आकडा मालाचा आहे, जागेचा आहे, की वेळेचा. ज्या आकड्यापुढे तिसरा रकाना भरता आला नाही, त्यावर अजून एक रुपयाही लावू नका.

मग चार माणसांकडे जा, ज्यांनी तो माल विकत घेतलाय आणि ज्यांना तो आवडला नाही. आवडलेले सगळेच सांगतात. न आवडलेले शोधावे लागतात. त्यांनी काय सांगितलं ते खाली लिहा, मी वाचतो आणि जमेल तेवढ्यांना उत्तर देतो.

पुढच्या भागात पडून राहिलेला माल कसा काढायचा, तोट्यात न जाता, ते बघू. तोवर पान भरून ठेवा.